बारावा बोरू

फार पूर्वी वरदा नदीच्या काठी कुमुदनगरात जितसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका कोष्ट्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव क्षेमक.

नगराच्या पाठशाळेचा कारभार पाच पंच पाहत. त्यांतला एक वारला आणि त्याच्या जागेसाठी दोघे उभे राहिले. एक क्षेमक, दुसरा शंखदत्त शेठ. शाळा नदीकाठावरून उचलून टेकडीवर न्यावी, इमारत आपण बांधून देऊ, असे शंखदत्ताचे म्हणणे होते. उरलेल्या चार पंचांत दोघे इकडे, दोघे तिकडे. म्हणजे नवा पंच म्हणेल तसे होणार. टेकडी कोसभर लांब. नावाड्यांची मुले सकाळची पहिली खेप करून शाळेत धावत येत. शाळा टेकडीवर गेली तर या मुलांची शाळा सुटणार, हे सगळ्यांना कळत होते.

शंखदत्तालाही कळत होते. पण त्याचा वाडा शाळेला लागून होता. दोन वर्षांपूर्वी त्याची एकुलती मुलगी इरा तापाने गेली. रोज सकाळी मुले एका सुरात पाढे म्हणू लागली, की त्या सुरात तो एकच आवाज शोधी, आणि तो नसे. शाळेकडची खिडकी त्याने खिळे ठोकून बंद केली होती. तरी पाढे ऐकू येतच. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. टेकडीवर हवा चांगली, एवढेच तो सांगे.

या निवडीची रीत अशी : दर घरामागे एक बोरू आणायचा आणि आपल्या उमेदवाराच्या मडक्यात टाकायचा. निवड झाली की ते बोरू शाळेतल्या मुलांना लेखणीसाठी वाटत. नावाड्यांना या निवडीत घेतले होते ते यंदा पहिल्यानेच.

वृद्ध आचार्यांनी मडकी रिकामी केली. क्षेमकाच्या मडक्यात पस्तीस बोरू निघाले, शंखदत्ताच्या बत्तीस. लोकांनी टाळ्या पिटल्या. शंखदत्त मान खाली घालून बसला. जागा गेली याचे त्याला फारसे काही वाटले नाही. उद्याची सकाळ मात्र डोळ्यांपुढे उभी राहिली.

तेवढ्यात क्षेमक उठला.

“आचार्य, नगरात घरे साठ. बोरू सदुसष्ट झाले.”

“अरे क्षेमका,” मागून कुणी ओरडले, “धागे मोज तुझे! जिंकलास तर गप बस की!”

“एक धागा जास्त आला तरी वस्त्र फसते, दादा,” क्षेमक म्हणाला. “इथे सात आले आहेत.”

मग भद्रा नावाडीण पदर खोचत पुढे आली.

“क्षेमकाच्या मडक्यात आमच्या वस्तीनं टाकले जास्तीचे. मीच गोळा करून आणले होते.”

“दर घरामागे एक, अशी दवंडी होती ना, भद्रे?” आचार्य म्हणाले.

“होती की. पण घर काय पाढे म्हणतंय, आचार्य? लिहायला पोरं बसतात. म्हणून पोरामागे एक आणला. नावेतसुद्धा आम्ही माणसं मोजतो, घरं नाही.”

लोक हसले. आचार्यही हसले, पण मोजायचे थांबले नाहीत. “तुमची घरे पाच, मुले अकरा. सात जास्त म्हणजे तुम्ही बारा टाकलेत. बारावा कुणाचा?”

भद्रा घुटमळली. मग शंखदत्ताकडे न पाहता म्हणाली, “इराचा. माझ्या नावेत येऊन बसायची पोर. पाढे चुकली की वल्ह्यावर टिचक्या मारून पुन्हा मोजायची. बाकीच्यांचे आणले, तिचा कसा वगळू? बोटं लहान तिची, म्हणून बारीक बघून आणला.”

आचार्यांनी निर्णय दिला. पाच घरांचे पाचच धरायचे. क्षेमकाचे अठ्ठावीस राहिले, शंखदत्ताचे बत्तीस. जागा शंखदत्ताची. नावाड्यांच्या बायका खाली बघू लागल्या.

शंखदत्त उठला तो बोरूंच्या ढिगापाशी गेला. एकेक बाजूला सारीत त्याने बारीक बोरू शोधून काढला आणि मुठीत धरला.

“शाळा आहे तिथेच राहील,” तो म्हणाला. “टेकडीवरच्या हवेचे नुसते निमित्त होते. मला पाढे ऐकवत नव्हते, एवढेच.”

भद्राने मोठ्याने सुस्कारा सोडला. क्षेमक जवळ आला.

“शेठजी, उद्या सकाळी मी येतो. दोघे मिळून ऐकू.”

दुसऱ्या दिवशी क्षेमकाने खिडकीचे खिळे उपटले. बाहेर पाढे सुरू झाले. शंखदत्ताने सवयीने तो एक आवाज शोधला; तो नव्हता. पण आज इतर आवाज वेगवेगळे ऐकू आले. कुणीतरी सातच्या पाढ्यात चुकले आणि मागे परतून पुन्हा म्हणू लागले. शंखदत्ताने हातातला बोरू खिडकीच्या चौकटीत ठेवला आणि खिडकी उघडीच राहू दिली.

मुलगा वारल्याच्या दुःखाने घराची दारे लावून बसलेल्या सुनंद उपासकाला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, “उपासका, तो शंखदत्त म्हणजे तूच. भद्रा नावाडीण म्हणजे आज तुझे दार ठोठावून तुला इथे घेऊन आलेली तुझी बहीण. मिळालेली जागा एका शब्दासरशी सोडणारा क्षेमक म्हणजे मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परमव्रत, पाळली.”

सुनंद घरी परतला आणि त्याने दारे उघडली.