खिळ्यापासून निघालेली चीर

सात गावांचा बाजार ज्या गावात भरे, तिथे दस्तगीर नावाचा एक शिकलगार राहत असे. मिटवून खिशात ठेवायचे चाकू तो बनवी. पाते काय, कुणीही चांगला लोहार घडवील. दस्तगीरची खरी करामत मुठीत होती. मेलेल्या म्हशीच्या नळीचे हाड तो चुन्याच्या पाण्यात साफ करी, कित्येक महिने सावलीत वाळवी आणि मग घासूनपुसून मुठीला बसवी. लाकडाची मूठ पावसाळ्यात फुगे, शिंगाची मूठ कीड खाई. दस्तगीरच्या हाडाच्या मुठी मात्र बापाकडून लेकाकडे जात. हाताच्या घामाने त्या तुपासारख्या पिवळ्या होत आणि जितक्या जुन्या तितक्या गुळगुळीत लागत. “माझी तडकलेली मूठ दाखवा,” असे तो भर बाजारात म्हणे. त्याचा हा तोरा लोकांना खपत असे, कारण तो पोकळ नव्हता.

राजाच्या कानावर ही कीर्ती गेली. दस्तगीरच्या चाकूंवर राजमुद्रा उमटवण्याचा मान द्यायचा, असे ठरवून त्याने आपला कारभारी पाठवला. मुद्रेचा पितळी ठसा हातात घेऊन कारभाऱ्याने रीतीप्रमाणे बाजाराला विचारले, “याच्या मालाबद्दल कुणाची तक्रार आहे?”

तेवढ्यात शेरडे राखणारी म्हातारी मायाक्का गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिला ना कारभारी माहीत, ना ठसा. कनवटीचा चाकू काढून ती म्हणाली, “दस्तगीर, मूठ तडकलीया रं. तेवढी बघ की.”

साऱ्या बाजाराच्या माना तिच्याकडे वळल्या. आपले काहीतरी चुकले, असे वाटून तीच घाबरली. “तुजा काय दोष न्हाय बाबा. सून कवाकवा उकळत्या पाण्यात टाकती त्येला.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हाडाला उकळते पाणी सोसत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. दस्तगीरने नुसती मान डोलावली असती तरी भागले असते.

पण त्याने चाकू डोळ्यांजवळ नेला. पाण्याने तडकलेले हाड कडेने फाटते. ही चीर खिळ्यापासून निघाली होती. खिळ्याचे भोक केसभर सैल ठेवावे लागते, नाहीतर ठोकताना हाडावर ताण बसतो आणि तो ताण कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. नऊ वर्षांपूर्वी जत्रा तोंडावर आली असताना त्याने एकवीस चाकू घाईघाईत उरकले होते. हा त्यांतलाच एक. हे त्याच्याशिवाय बाजारात कुणालाही कळणार नव्हते.

“सुनेला बोल लावू नका, अक्का,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. भोक तंग ठेवलं मी. असेच आणखी वीस चाकू माझ्या हातून गेलेत.”

कारभाऱ्याने ठसा पिशवीत परत ठेवला. “मग मला दुसरा कारागीर बघावा लागेल,” एवढेच बोलून तो उठला. दस्तगीरने मायाक्काला नवा चाकू देऊ केला. तिने तो हातात धरून पाहिला आणि परत दिला. “ह्यो माझ्या हाताचा न्हाय. हाय त्यालाच मूठ बसीव. म्होरल्या बाजाराला येते.”

दुसऱ्या दिवशी दस्तगीरने दुकानाला कुलूप घातले आणि वीस नवे चाकू पिशवीत भरून तो निघाला. सातही गावे त्याने पालथी घातली. दारोदार जाऊन तो सांगे, “माझ्या मुठीत खोट आहे. हा नवा घ्या, तो मला द्या.” दोर वळणारा मसाजी म्हणाला, “नऊ वर्सं सुंब कापतोय ह्यानं. तडकंल तवा बघू.” बोरूला टोक काढत बसलेल्या कुलकर्ण्यांनी चाकू मुठीत घट्ट धरला. “दस्तगीर, तुझी चूक जर नऊ वर्षं टिकते, तर ती आमच्याकडेच राहू दे.” पानमळ्यातली एक बाई तर चाकू पदराआड लपवूनच बोलत होती.

विसांपैकी एकानेही चाकू दिला नाही. दस्तगीरने प्रत्येक मूठ तपासली, तिळाचे तेल चोळले आणि चीर दिसताच या, असे बजावले. घरून निघताना त्याला शरम वाटत होती. परतताना पिशवी तितकीच जड होती, पण मान ताठ होती. आपल्या मुठींचा एवढा अभिमान त्याला आजवर कधी वाटला नव्हता.

पुढच्या बाजाराला कारभारी पुन्हा आला. दुसरा कारागीर शोधत तोही त्याच सात गावांत हिंडला होता आणि प्रत्येक गावाने त्याला एकच नाव सांगितले होते. दुकानापुढे उभा राहून तो म्हणाला, “दस्तगीर, हात पुढे कर. मुद्रा तुझीच आहे.”

दस्तगीर तेव्हा मायाक्काच्या चाकूला हाड बसवत होता. ती समोर उकिडवी बसली होती. “जरा थांबावं, सरकार,” तो म्हणाला. “आधी अक्का आल्यात.”

सारा बाजार बघत राहिला. राजाचा कारभारी मुद्रा घेऊन उन्हात उभा होता आणि दस्तगीर बेताबेताने खिळा ठोकत होता. मायाक्काने चाकू उघडला, मिटवला, मूठ आवळून पाहिली आणि ती म्हणाली, “बसली.”

मग दस्तगीरने हात पुसला आणि पुढे केला.

तात्पर्य: ज्याला आपली चूक चारचौघांत आपली म्हणता येते, त्यालाच आपले काम अभिमानाने आपले म्हणता येते.