उसनं विरजण

“पण राहायचं कुठं, बाबा? एवढंच सांगा. बाकी सगळं मी बघतो.”

गेनूबाबा गाईच्या मानेवरची गोचीड काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुठं कुठं राहता येतं?”

सोपान वाघचौरे याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्यानं पिशवीतून फाइल काढली, चष्मा लावला आणि नदीकाठच्या त्या मठीच्या ओट्यावर कागद पसरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्या चारी कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

“पोर्तुगाल एक्याऐंशी. मलेशिया अठ्ठ्याहत्तर. पनामा चौऱ्याहत्तर.”

“हे काय?”

“मार्क. शंभरपैकी. हवा, दवाखाने, व्हिसा, रस्ते, चोऱ्यामाऱ्या... सगळं धरलंय. चार महिने बसून केलंय.”

“आणि आपलं?”

“एकोणसाठ.”

“पास आहे की मग,” बाबा म्हणाले.

सोपान हसला नाही.

एकतीस वर्षं तो तेलाच्या विहिरींवर इंजिनियर होता. आधी मस्कत, मग नायजेरिया, मग पुन्हा मस्कत. नोकरी संपली तसा तिथला मुक्कामही संपला. त्याच्या दोन वर्षं आधी त्याची बायको, कुमुद, गेली होती. एकुलती मुलगी मेलबर्नला. ती फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्ही कुठंही ठरवा. आम्ही सुट्टीला येऊच.”

कुठंही...

या शब्दाला त्याला नावं ठेवता येईनात. पोरगी प्रेमानंच बोलली होती. पण त्या दिवसापासून तो रात्रीचं जेवण उभ्यानंच उरकू लागला होता.

गेनूबाबांकडे खरी यायची ती कुमुद. दर सुट्टीत गावाकडे आली की एक चक्कर इथं. सोपान गाडीतच बसायचा, काच वर करून. “काय सांगतात गं एवढं?” तो विचारायचा. “काही नाही. बसतो आम्ही,” ती म्हणायची. आज पहिल्यांदाच तो गाडीतून उतरून मठीच्या ओट्यापर्यंत आला होता.

“बाबा, मला वेळ नाही. भाड्याची गाडी सोडून गेलीय, ती उद्या सकाळी सहाला न्यायला येईल. दुपारी मुंबईहून विमान आहे. परवा पोर्तुगालात घराच्या कागदावर सही करायची. सही केली की उरलेलं आयुष्य तिथं.”

“कर की मग.”

“होत नाही.”

“मार्क तर त्याचेच जास्त.”

“तेच तर! मार्क जास्त आहेत, घर चांगलं आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. पण पेन हातात घेतलं की हात तसाच राहतो. म्हणून आलो. तुम्ही एक नाव सांगा. मी तिथं जाईन. खरंच जाईन.”

बाबांनी हातातली गोचीड दगडावर ठेचली. हात मातीत घासून धुतले. बराच वेळ धुतले.

मग म्हणाले, “घरात विरजण नाही.”

“काय?”

“मांजरानं काल दह्याचं भांडं उलथं केलं. दूध तापवून ठेवलंय, पण त्यात घालायला काही नाही. गावात जा आणि चमचाभर विरजण मागून आण.”

“मी?”

“मग काय, कपिलीला पाठवू?”

आपलं नाव ऐकून गाईनं कान हलवला.

सोपान उठला. एकशे वीस माणसं हाताखाली ठेवलेला माणूस तो. पण म्हाताऱ्यापुढं काय बोलणार? तो गावाच्या वाटेला लागला.

दहा मिनिटांत परत आला. हातात दह्याचा बंद डबा होता.

“घ्या. तारीख बघून घेतलं. आजचंच आहे.”

बाबांनी डबा घेतला. झाकण सोललं. आणि ओट्याखाली झोपलेल्या कुत्र्याच्या ताटलीत सगळं दही ओतलं.

“अहो बाबा!”

“चांगलं आहे ना?”

“चांगलं आहे म्हणूनच म्हणतोय!”

“मग खाऊ दे त्याला.”

कुत्रं चाटत राहिलं. सोपान पाहत राहिला.

“मी ‘मागून आण’ म्हणालो होतो,” बाबा म्हणाले.

“मी आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही, बाबा.”

हे वाक्य त्यानं निरोपाच्या समारंभात म्हटलं होतं. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इथं नदीचं पाणी तेवढं वाजत होतं.

बाबांनी कोनाड्यातून एक वाटी काढली, पदराला पुसतात तशी धोतराच्या सोग्याला पुसली आणि त्याच्या हातात दिली.

“जा.”

वडाळी खुर्द हे गाव काही मोठं नाही. साठ-सत्तर उंबरे. पण हातात रिकामी वाटी असली की गाव फार मोठं होतं.

पहिल्या घरासमोर बाजेवर एकजण विडी ओढत बसला होता. सोपाननं वाटी पाठीमागं लपवली.

“दवाखाना कुठं आहे हो?”

“दवाखाना तालुक्याला. काय होतंय?”

“काही नाही... काही होत नाही.”

तो पुढं गेला.

दुसऱ्या घरी एक बाई भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. तिच्यापुढं तो उभा राहिला. शब्द जुळवले. एवढ्या वर्षांत त्यानं अरबांशी, इंग्रजांशी, नायजेरियाच्या मंत्र्याशी बोलणी केली होती.

“ताई, विरजण मिळेल का? थोडंसं. पैसे देतो.”

बाईनं हातातली शेंग खाली ठेवली आणि आत हाक मारली, “अहो, इकडं या. हे बघा, विरजणाचे पैसे द्यायला निघालेत!” आतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. बाईनं मान वळवून विचारलं, “कुठले हो तुम्ही?”

साधा प्रश्न. वाईट मनानं विचारलेला नव्हता.

मस्कत म्हणावं, तर ते सोडलेलं. जन्मगाव म्हणावं, तर तिथलं घर विकून वीस वर्षं झाली. पोर्तुगाल म्हणावं, तर तिथं अजून राहायला गेलेला नाही.

“मी...” तो म्हणाला.

बाई थांबली होती. उत्तर आलं की उठून वाटी भरणार होती. उत्तर आलं नाही. सोपाननं मान खाली घातली आणि तसाच निघाला. मागून ती म्हणत होती, “अहो पाव्हणं, राग आला का? घेऊन तरी जा!” पण त्याचे पाय थांबले नाहीत.

तो गावाच्या कडेनं चालत राहिला. कांद्याच्या रोपांना पाणी चाललं होतं. एका बांधावर तो बसला. वाटी बाजूला ठेवली.

मस्कतच्या घरात रोज दही असायचं. वर्षानुवर्षं रोज, दुपारच्या डब्यात, भातावर. ते कुठून यायचं? कुमुद लावायची, एवढं त्याला माहीत होतं. पण पहिलं विरजण? कधीतरी तेही बिघडलं असेल, संपलं असेल. मग ती कुणाच्या दारात गेली असेल? त्या परक्या इमारतीत, जिना चढून, हातात वाटी घेऊन... तिनं कधी सांगितलं नाही. त्यानंही कधी विचारलं नाही. ती गेली त्याच्या पाचव्या दिवशी एक केरळची म्हातारी दारात आली होती, झाकलेलं भांडं घेऊन. त्यानं दार अर्धंच उघडलं होतं. “थँक यू, नको,” म्हणाला होता.

त्याला आत्ता, त्या बांधावर, ते भांडं कशाचं होतं ते कळलं.

थंडीचे दिवस. सूर्य लवकर उतरला. तो उठला तेव्हा घराघरांत दिवे लागत होते. आता मात्र त्यानं वाटी समोर धरली होती.

“आक्का, जरा विरजण द्याल का?”

“दिवे लागले की हो. आता नाही देत.”

पुढचं घर.

“तिन्हीसांजेला दूधदही घराबाहेर घालवत नाहीत, दादा. एवढं माहीत नाही होय?”

माहीत होतं. लहानपणी त्याची आईही देत नसे. एवढ्या मोठ्या यादीत पावसाचे दिवस, भूकंप, डॉक्टरांची संख्या, सगळं लिहिणाऱ्या माणसाला एवढं आठवलं नव्हतं. दिवसाउजेडी मागायची लाज वाटली, आणि लाज गेली तेव्हा वेळ गेली होती.

शेवटचं घर पिंपळाजवळचं. निळं दार. आत एक म्हातारी बाई चुलीपुढं बसली होती. तिनं त्याला पाहिलं, वाटी पाहिली आणि तो काही बोलायच्या आतच हात हलवला.

“विरजण ना? नाही बाबा. आत्ताच दिवा लावला. आता दही उंबऱ्याच्या बाहेर जायचं नाही.”

“बरं,” सोपान म्हणाला.

तो वळला. चार पावलं गेला. पाचवं पडेना. तो तिथंच, त्या घराच्या अंगणात, वाटी घेऊन उभा राहिला. कुठं जावं हे त्याला खरंच कळत नव्हतं.

“अहो,” आतून आवाज आला, “दूध कुठं आहे?”

“मठीत. गेनूबाबांकडे.”

“मग ते घेऊन या इकडं. दही बाहेर जात नाही म्हटलं मी. दूध आत यायला कोण नको म्हणतंय?”

सोपाननं वळून दाराकडं पाहिलं.

“या लवकर! निवलं तर परत तापवावं लागेल. पोरासारखे उभे काय राहता?”

सोपान निघाला. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, पण मठीपर्यंत तो जवळजवळ पळत गेला. बाबांनी पुन्हा कोमट करून ठेवलेलं दुधाचं पातेलं फडक्यात धरून त्याच्या हातात दिलं. येताना त्याला पळता येईना. एकेक पाऊल बघून टाकावं लागलं. विडी ओढणारा माणूस अजून बाजेवरच होता. “सांभाळून हो, पुढं पाण्याची चारी आहे,” तो म्हणाला.

म्हातारीनं दुधात करंगळी बुडवली. “बरोबर आहे.” शिंक्यावरचं मडकं खाली घेतलं, बोटभर दही काढलं, दुधात सोडलं, हलक्या हातानं फिरवलं. पातेल्यावर झाकण ठेवलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि चुलीच्या कुशीला सरकवून दिलं.

“मालकीणबाई लावत असतील ना घरी?”

“लावायची.”

म्हातारीनं त्याच्याकडं पाहिलं. लाकूड आत सारलं.

“जेवायला बसायचं असेल तर भाकरी होतेय.”

“बाबा वाट बघत असतील.”

“बरं. मग सकाळी या. थंडी आहे, लागायला आठ-नऊ वाजतील. मधे हलवायचं नाही हं, सांगून ठेवते. कितीही घाई असू दे.”

तो मठीत आला तेव्हा बाबा ओट्यावरच बसले होते. त्याचे कागद तसेच पसरलेले होते. खडे हलले नव्हते.

“मिळालं?”

“नाही... म्हणजे, हो. दिवे लागले होते, म्हणून दिलं नाही. पण दूध तिच्याकडंच ठेवून घेतलं. नऊला लागेल म्हणाली.”

“नऊला.”

“हो.”

“आणि गाडी?”

सोपान ओट्याच्या कडेला टेकला. त्याचे हात दुधाच्या उबेनं अजून गरम होते. ते त्यानं मांडीवर ठेवले.

“गाडीला... दहाला यायला सांगतो.”

“विमान चुकेल.”

नदीपलीकडं कुणीतरी बैलांना हाकत घरी चाललं होतं. बैलांचा आवाज लांब गेला.

मग त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज खाली होता.

“बाबा, देश कोणता ते नाही सांगितलंत.”

“दूध कुणाच्या घरी ठेवलंस?”

“पिंपळाजवळ. निळं दार आहे. म्हातारी आहेत एक, एकट्याच असाव्यात. चुलीपुढं बसल्या होत्या.”

“नाव काय?”



“विचारलं नाही.”

बाबांनी घोंगडीची एक बाजू उचलून त्याच्या गुडघ्यांवर टाकली.

“मग सकाळी दारात उभा राहून हाक कुणाला मारशील?”