नवरदेवाचा कोट

"मग माझं चुकलं कुठं, पाळकसाहेब?"

अमोस पुन्हा तेच विचारत होता. नुकताच शिकून आलेला, पाळक व्हायची घाई झालेला. रविवारी चर्चच्या दारात उभं राहून येईल त्याचं स्वागत करायचं, हे काम म्हाताऱ्या शांतवन पाळकांनी त्याच्यावर सोपवलं होतं.

दुपार झाली होती. मंडळी केव्हाच घरी गेली होती. पाळक रिकाम्या बाकावर बसून होते.

"मी त्या माणसाला हाकललं नाही," अमोस म्हणाला. "दुसऱ्यानं दारातूनच वाटेला लावला असता. कपडे बघायला हवे होते तुम्ही! डांबराचे डाग, वर रॉकेलचा भपकारा. तरी मी हसून आत घेतलं. लाज वाटू नये म्हणून कपाटातला कोट दिला. बटणंसुद्धा मीच लावली."

हा कोट म्हणजे आमच्या मंडळीतला नवरदेवाचा कोट. ज्याला ऐपत नाही त्यानं लग्नापुरता घालायचा आणि आणून टांगायचा. गावातलं शेंबडं पोरही तो ओळखतं. अमोसला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण शहाण्याला कोण सांगणार!

"मग?" पाळकांनी विचारलं.

"बायका फिदीफिदी हसल्या. कुणीतरी म्हणालं, नवरदेव आला, नवरी कुठंय? तो उठला आणि प्रार्थनेआधीच गेला. कोट पायरीवर ठेवलाय. नीट घडी घालून."



"हणमंता त्याचं नाव," पाळक म्हणाले. "रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या टोळीतला. गुरुवारी त्याची लेक तापानं गेली. छबू. परक्या गावात पुरायला कुणी जागा देईना. मी आपल्या दफनभूमीत पुरली."

अमोस समोरच्या बाकावर टेकला.

"मीच त्याला म्हणालो, रविवारी ये. प्रार्थनेत तिचं नाव घेईन. नाव घेतलं की घरचं माणूस उभं राहतं, तसा तू उभा राहा."



पाळक पुढं म्हणाले, "आज मी नाव घेतलं. थांबलो... पुन्हा घेतलं..."

चर्च गच्च भरलेलं होतं. एकही माणूस उठला नाही.

"पण तो रॉकेलचा वास..." अमोस पुटपुटला.

"अंगाचं डांबर दुसऱ्या कशानं निघतं का रे?"

अमोस ताडकन उठला. "मी आत्ता जातो. पाया पडतो त्याच्या. घेऊन येतो."

"मी जाऊन आलो. पालं उठली. टोळीचा ट्रक गेला. कुठं गेला, कुणाला माहीत नाही."

अमोस मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. पाळकांनी त्याला रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

"आता मी काय करू?"

"पुढल्या रविवारी मी छबूचं नाव पुन्हा घेईन. तू उभा राहा."

"मी?... काय घालून येऊ?" सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

पाळक बाहेर गेले. पायरीवरचा कोट उचलून आणला, झटकला आणि कपाटात टांगला.

"काहीही घाल," ते म्हणाले. "येताना हात तेवढे रॉकेलनं धुऊन ये."