टेबलावरची प्लेट

“...पण मूळ जिवाणूची प्लेट टेबलावरच का ठेवायची, सर?”

उंबरजे सर वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहिलंय.”

“ते वाचलंय. का लिहिलंय, ते विचारतेय.”

सरांनी एक पान उलटलं. मग आणखी एक...

“लिहिलंय तसं कर,” ते म्हणाले.

विचारणारी होती प्रणिता ढोबळे, एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातली. मुलगी हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं. सोलापूरकडच्या त्या कॉलेजात पत्र्याच्या छपराखाली एक प्रयोगशाळा होती. तिथे जिवाणूंच्या जनुकांवर काम चालायचं, आणि ते सगळं काम उंबरजे सरांच्या एका शोधावर उभं होतं.

शोध असा. सत्तावीस वर्षांपूर्वी सरांनी एका विहिरीच्या गाळातून जांभळ्या रंगाचा जिवाणू काढला. त्याचं एक जनुक तोडलं, तर रंग गेला आणि जिवाणू पांढरा झाला. म्हणजे रंग त्या जनुकामुळे. पेपर छापून आला, सरांचं नाव झालं, आणि तेव्हापासून प्रत्येक तुकडी डिसेंबरात तोच प्रयोग करून वहीत तेच उत्तर लिहीत आली.

जनुक तोडलेल्या जिवाणूची प्लेट, म्हणजे तो वाढवायची झाकणाची चपटी बशी, सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये, त्या उबेच्या कपाटात, ठेवायची. मूळ जिवाणूची प्लेट, तुलनेसाठी, बाहेर टेबलावर. दोन दिवसांनी आतली पांढरी येते, बाहेरची जांभळी. पैकीच्या पैकी मार्क.

टेबलावर का, हे इतक्या वर्षांत कुणाच्या मनातच आलं नसेल असं नाही. पण मनात आलेलं तोंडातून बाहेर पडायला आपल्याकडे फार वेळ लागतो, आणि गाईड समोर बसलेला असला की त्याहून जास्त.

प्रणिताचं प्रोजेक्ट याच जनुकावर होतं, आणि गाईड उंबरजे सरच. जानेवारी आणि फेब्रुवारी सुरळीत गेले. मार्चच्या शेवटी एका रविवारी प्रयोगशाळा बंद राहिली. पंखे बंद, खिडक्या बंद, वर पत्रा तापलेला. सोमवारी येऊन बघते तर टेबलावरची प्लेटही पांढरी.

मैत्रीण म्हणाली, खराब झाली असेल, टाकून दे, नवी लाव. कुणीही तेच केलं असतं.

प्रणितानं टाकली नाही. तिनं नव्या दोन्ही प्लेटा शेजारीशेजारी इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या आल्या. मग दोन्ही बाहेर ठेवून बघायच्या, तर बाहेर एप्रिल पेटलेला. तिनं त्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिण्याच्या पाण्याच्या माठाला टेकवून ठेवल्या आणि शेजारी थर्मामीटर ठेवला. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायची.

दोन्ही जांभळ्या आल्या. जनुक तोडलेलीसुद्धा.

रंग जात होता तो उष्णतेनं. त्या जनुकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

तिला आधी आनंद झाला, आणि लगेच सरांचा पेपर आठवला.

ती सरांकडे गेली. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, परत कर. तिनं परत केलं, तेच आलं. सर म्हणाले, परत कर. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं की माठ हे कुठल्या कंपनीचं उपकरण आहे. ती म्हणाली, कुंभाराचं आहे, पण अंश थर्मामीटरनं मोजलेत. आजूबाजूची पोरं खाली मान घालून हसली. सर हसले नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे ते तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत.

तिला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. प्रोजेक्टवर गाईडची सही नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर जागा नाही. मैत्रिणीनं समजावलं की सरांना हवं ते लिही, सही घे आणि पुण्याला जाऊन काय ते खरं बोल. आईनं फोनवर सांगितलं, मोठ्या माणसांशी हुज्जत घालू नये. प्रणितानं दोघींचं ऐकून घेतलं. मग खोलीवर बसून अहवाल लिहिला, आपल्याला दिसलं होतं तसाच.

जमा करायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती सरांच्या केबिनमध्ये शिरली. एका हातात अहवाल होता, दुसऱ्या हातात ट्रे, आणि ट्रेमध्ये चार प्लेटा.

सरांनी अहवाल चाळला. शेवटचं पान दोनदा वाचलं.

“मी सांगितलं होतं परत कर म्हणून.”

“चारदा केलं. पाचव्यांदा करणार नाही.”

“मग सही नाही.”

“नका करू. मी वर्ष पुन्हा करीन. पण ते पान बदलणार नाही.”

सर तिच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी ट्रे पुढे ओढला. दोन प्लेटा इन्क्युबेटरमधल्या, पांढऱ्या. दोन माठाजवळच्या, जांभळ्या. प्रत्येकीच्या तळाला मार्करनं लिहिलेलं, ‘मूळ’ किंवा ‘तोडलेला’. सरांनी कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, कापूस भिजवला आणि चारही प्लेटांवरची नावं पुसून टाकली. सावकाश, एकेक अक्षर. मग जांभळ्या दोन्ही हातात घेऊन पाठीमागे नेल्या, फिरवल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या.

“यातली तोडलेली कुठली?”

प्रणितानं बघितलं.

“सांगता येत नाही.”

“चार महिने हेच काम केलंस. तरी सांगता येत नाही?”

“नाही.”

“मग काय शिकलीस?”

तिनं दोन्ही प्लेटा उचलल्या. तिनं त्या संतापानं सरांच्या बाजूला सरकवल्या.

“जनुक तुम्ही तोडलंत. जिवाणू तुमचा आहे. तुम्ही सांगा.”

असं त्या केबिनमध्ये आजवर कुणी बोललं नव्हतं. विभागप्रमुखसुद्धा आत येताना दार वाजवायचे.

सरांनी चष्मा काढून पुसला. एक प्लेट उजेडाकडे धरली. मग दुसरी. झाकण उघडून वास घेतला. भिंगातून जिवाणूंच्या ठिपक्यांच्या कडा बघितल्या. पुन्हा पहिली... पुन्हा दुसरी...

ती उभीच होती. बस म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ती बसली नसती.

“औषध घातलेल्या प्लेटवर फक्त तोडलेला जगतो, त्यावर टाकल्या तर तोडलेली कुठली ते परवा कळेल,” ती म्हणाली. “रंगावरून कधीच कळणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, सर. पहिल्या दिवसापासून एवढंच होतं.”

सरांनी प्लेटा खाली ठेवल्या.

त्यांची नजर प्लेटांवर होती, पण ते प्लेटा बघत नसावेत. मग त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक चौकोन दाखवला, साधारण घरातल्या लोखंडी ट्रंकेएवढा.

“तेव्हा इन्क्युबेटर एवढाच होता,” ते म्हणाले. “सगळ्या विभागाला मिळून. माझ्या चाळीस प्लेटा कशाबशा कोंबल्या. मूळची एक उरली. जागा नव्हती... म्हणून टेबलावर ठेवली.”

इतके दिवस प्रणितानं या क्षणाची वाट बघितली होती. सर आरडाओरडा करतील, तिला बाहेर काढतील, आपण काय उत्तर द्यायचं, हे सगळं तिनं मनात घोकून ठेवलं होतं. त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही.

“पुढच्या वर्षी मोठा इन्क्युबेटर आला,” सर म्हणाले. “तोवर वहीत लिहून झालं होतं.”

त्यांनी पेन काढलं. अहवालाच्या शेवटी, जिथे करायची असते तिथे, सही केली आणि तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच होतं.

प्रणितानं अहवाल उचलला नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरू द्यायची तिची इच्छाही नव्हती. सही मिळाली म्हणून मुकाट्यानं निघून जाणाऱ्यातली ती नव्हती.

“हे नुसतं माझ्या अहवालात राहून चालणार नाही, सर. तुमचा पेपर अजून लोक वाचतात. वही बदलावी लागेल. डिसेंबरात नवी तुकडी येईल.”

“बदलीन.”

“तुम्ही जाहीर लिहायला पाहिजे, की चुकलं म्हणून.”

“लिहीन.”

इतक्या सरळ ‘लिहीन’ येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिची मान आणखी ताठ झाली.

“आणि सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणी बघितलं असेल तर ते मी बघितलंय. तेही लिहा.”

“पहिल्यांदा नाही.”

“म्हणजे?”

“तू दुसरी.”

“पहिलं कोण?”

“होता एक मुलगा. तुझ्याआधी नऊ वर्षं. त्याची प्लेट अशीच उन्हाळ्यात पांढरी झाली. त्यानंही टाकली नाही. याच खुर्चीपुढे उभा राहून मला म्हणाला, सर, दोन्ही आत ठेवून बघू.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“परत कर.”

“मग?”

“त्यानं केलं. सहा वेळा.”

“आणि पान बदललं?”

“नाही बदललं.”

प्रणिताला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी तिनं विचारलं.

“मग त्याचं काय झालं, सर?”

“मी त्याला नापास केलं.”

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. सरांनी जांभळ्या प्लेटा उचलून सावलीत ठेवल्या. मग अहवालाचं पहिलं पान उघडलं. पानाच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत, संशोधक म्हणून एकच नाव होतं, प्रणिता ढोबळे. त्यांनी ते पान तिच्याकडे फिरवलं, आणि आपलं पेन तिच्यापुढे धरलं.

“तुझ्या नावाच्या वर जागा आहे. त्याचं नाव सांगतो, लिही.”