थोरलीचं झबलं

निंबोडीच्या जहागीरदारांना पैसे द्यायचा जेवढा कंटाळा, तेवढीच उपदेश करायची हौस. त्यांच्याकडे बारा वर्षं दळण दळून खांदे उतरलेल्या ठकूने एकदा धीर करून पगारवाढ मागितली. घरात चार पोरी होत्या, आणि महिनाअखेरीला अर्धी-अर्धी भाकरी वाटून द्यावी लागे.

"तुम्हा लोकांना काटकसर ठाऊक नाही," लोडाला टेकून जहागीरदार म्हणाले. "एवढ्या वर्षांत काय राखलंस, दाखव बघू."

ठकूच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. तिने कडेवरच्या तान्हीचं झबलं उतरवून पुढे ठेवलं. "हे राखलं, सरकार. थोरलीच्या बारशाला शिवलेलं. चौघींनी घातलं. ठिगळं लावली, पण नवं कापड आणलं नाही."

जहागीरदार खूश झाले. भरल्या कचेरीत झबलं उंच धरून म्हणाले, "बघा! एका झबल्यात चार पोरी बसल्या. मग त्याच पगारात हिचा संसार का बसू नये?"

ठकूने दाराशी उभ्या असलेल्या थोरलीला हाताला धरून पुढे आणलं. "बसवते की, सरकार. आधी तुम्ही हिला त्या झबल्यात बसवून दाखवा. झबलं शिवलं नि माझा पगार ठरला, दोन्ही एकाच महिन्यात."

कुणीतरी फिसकन हसलं. जहागीरदारांनी झबल्याकडे पाहिलं, बारा वर्षांच्या पोरीकडे पाहिलं आणि कारभाऱ्यावर खेकसले, "हिचा पगार पोरीच्या मापाचा करा!"

ठकू तान्हीला पुन्हा झबलं घालत होती. मान वर न करता दमल्या आवाजात म्हणाली, "जरा वाढत्या अंगाचा करा, सरकार. पोरी वाढायच्या थांबल्या नाहीत अजून."