पान्ह्याचं तळं

पूर्वी गाळ उपसताना शंभर पाट्या एकदम खाली टेकल्या की धप्प असा आवाज व्हायचा. म्हातारी माणसं तो वेशीत बसून ऐकायची आणि म्हणायची, आईची वेळ झाली. ते हे समोरचं तळं. याला पान्ह्याचं तळं का म्हणतात, ते असं सांगतात.

फार मागे, एका दुष्काळात हे तळं खणलं जात होतं. वेळ मोजायला मुकादम निंबाजीकडे तांब्याची वाटी होती, तळाला बारीक भोक असलेली. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भरली की बुडायची. पाचदा बुडाली की सुटी.

कामावर भिवरा नावाची बाई होती. तिचं तान्हं पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत असे. सुरुवातीला पाचव्यांदा वाटी बुडे आणि तेव्हाच तिला पान्हा फुटे. पण महिनाभराने चौथ्या वाटीलाच तिची चोळी भिजू लागली. झोळीतलं पोर रडून रडून निळं पडे. ती उठली की बाया म्हणत, "हिचंच लेकरू तेवढं नवलाईचं."

निंबाजीने एक दिवस सांगून टाकलं, "वाटीआधी उठलीस तर उद्यापासून येऊ नकोस, बाई."

काम सुटलं तर चूल बंद, आणि चूल बंद तर दूध कुठून यायचं?

दुसऱ्या दिवशी चौथी वाटी बुडाली तशी भिवराने पाटी खाली ठेवली. घंगाळापाशी जाऊन हळूच म्हणाली, "दादा, पान्हा काही माझ्या हुकमातला नाही. एकदा वाटी तर बघा."

निंबाजीने वाटी उन्हाकडे धरली. रोजच्या गढूळ पाण्याने भोकाला किटण चढलं होतं. जिथून सुई जायची तिथून केस जाईना. वाटी हळू भरत होती, आणि सगळे रोज जास्तीचं राबत होते.

म्हातारी गोजाबाई आहे तिथेच बसत म्हणाली, "म्हणजे महिनाभर आपण वाटीच्या घरी वेठीला होतो म्हणा की."

निंबाजी हसला नाही. त्याने वाटी बांधाच्या दगडांत चिणून टाकली आणि शपथ घेतली, म्हणे, की या तळ्यावर वेळ आईची. बांधाचा शेवटचा दगड बसेपर्यंत भिवराचा पान्हा पळभरही चुकला नाही, असं सांगतात.

आजही गाळ काढायचा दिवस ठरला की आधी लेकुरवाळीला बोलावणं जातं. मोबाइल सगळ्यांच्याच खिशात असतात, पण वेळ बघायला ते कोणी काढत नाही. तान्ह्याची आई पाटी खाली ठेवते आणि बाभळीकडे चालू लागते.