तिसऱ्या गाठीचं पान

त्या मुलखात दोन पठारं होती, मधे दरी होती आणि दरीवर वेलींचा पूल होता. पूल फुकट होता. अलीकडच्या पठारावर गवत उंच वाढे, पण उन्हाळा चढला की ते पेटे. पलीकडे पाणी होतं आणि बारमाही हिरवळ होती. ज्याला जगायचं असेल त्यानं वणव्याआधी पूल ओलांडायचा, इतकी ती साधी गोष्ट होती.

पूल सुगरणींनी विणला होता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बरं, उडणाऱ्या पाखराला पूल लागतो कशाला? हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण विचारला असता तर आभार मानावे लागले असते. सुगरणी दिवसभर आपापल्या पिलांसाठी दाणा टिपत आणि उन्हं कलली की चोचीत वेल धरून पुलावर येत. चोच शिवशिवते, विणल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच त्या म्हणत. त्यांतली सगळ्यांत म्हातारी ती थोरली. दरीपार पहिली वेल तिनंच नेली होती.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक काटेसावर होती. पुलावर ज्याचा पाय अडखळेल त्यानं एका पानावर नखानं किंवा दातानं आपलं दुखणं कोरायचं आणि ते पान सावरीच्या काट्याला टोचायचं, अशी रीत होती. संध्याकाळी सुगरणी पानं वाचत आणि गाठी दुरुस्त करत. रीत चांगली होती. पण फुकटच्या वस्तूला खोड काढताना जीभ फार सैल सुटते. ‘पूल हलतो.’ ‘पुलावर सावली नाही.’ ‘दरी इतकी खोल का?’ आता दरी काय सुगरणींनी खणली होती?

वानरांचा म्होरक्या होता हुप्प्या. एकदा त्याची शेपूट पुलाच्या फासात अडकली. त्यानं पान टोचलं नाही. त्यानं हाताला लागल्या त्या दोन सुगरणी धरल्या, शेंगा सोलाव्यात तसे त्यांचे पंख सोलले आणि त्या जिवंत असतानाच दरीत भिरकावल्या. थोरली मधे पडली, तर तिचा डावा डोळा त्यानं नखानं काढला.

“माझी शेपूट दुखली,” तो म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सुगरणी आल्या आणि त्यांनी तो फास सोडवला. हो, सोडवला! पण त्याच दिवशी सावरीवर कायदे आले. चाळीस दिवसांत ज्यानं आपलं पान ताजं केलं नाही त्याचं पान डोंगळे खाली टाकणार, हा एक. आणि मोठा कायदा म्हणजे ‘करून दाखवा’. जिथं पाय अडखळला असं म्हणता, तिथं आमच्यासमोर पुन्हा अडखळून दाखवा. सुगरणी स्वतः त्या जागी नाचून बघतील. गाठ सरकली तर बांधतील, नाही तर पान काढतील. या कायद्यानं अर्धी खोटी पानं नाहीशी झाली आणि थोरलीला कित्येक महिन्यांनी झोप लागली. कायदा वाईट होता असं म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही.

मग काटकी आली.

काटकी म्हणजे सायाळ. तिचा नवरा दाभण्या गव्यांच्या कळपामागून पूल ओलांडत होता आणि ती त्याच्यामागे चार पावलांवर होती. पुलाच्या मध्यावर गव्यांचे खूर एका ठेक्यात पडले आणि तिसरी गाठ तोंड उघडावं तशी उघडली. दाभण्या कमरेपर्यंत आत गेला. पुढच्या पायांनी वेल धरून लटकला. खूर पुन्हा पडले, गाठ आवळली आणि त्याचं अंग मधोमध चिरडलं. पुढच्या ठेक्याला ती परत उघडली, तेव्हा तो गेला. कळप पार झाला, वजन उतरलं आणि गाठ होती तशी बसली, जणू काही झालंच नव्हतं. वेलीत त्याचा एक काटा तेवढा अडकून राहिला होता.

काटकीनं पान कोरलं. ‘तिसरी गाठ उघडते. गवे ठेक्यात चालले की उघडते. माझा नवरा गेला. वणव्याला सगळे एकदम पळतील. माझी दोन पिलं आहेत.’ तिनं ते दाभण्याच्याच काट्यानं सावरीला टोचलं.

सुगरणी आल्या. साठच्या साठ जणी तिसऱ्या गाठीवर नाचल्या. इकडून नाचल्या, तिकडून नाचल्या. गाठ तसूभर हलली नाही.

“आमच्यासमोर तर उघडत नाही गं,” थोरली म्हणाली.

“आक्का, गवे चालताना उघडते.”

“मग गव्यांना आण. करून दाखव.”

काटकी गव्यांकडे गेली. गवे म्हणाले, आम्ही रोज जातो, आम्हाला काहीच होत नाही, आमची तक्रार नाही. बरोबरच होतं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

“आक्का,” काटकी परत येऊन म्हणाली, “करून दाखवायचं तर कोणाला तरी मरावं लागेल.”

थोरलीनं मान खाली घातली. तिची पिलं भुकेली होती आणि सावरीवर अजून ऐंशी पानं होती. “कायदा सगळ्यांना एकच आहे, बाई,” ती म्हणाली. “पान राहू दे. बघू.”

पान राहिलं. पण हुप्प्याच्या टोळीनं ते वाचलं आणि ‘मलाही! मलाही!’ करत त्याच्यावर आपली पानं टोचायला सुरुवात केली. एकाला पुलावर उवा चावल्या होत्या. एकाला गाठींचा रंग आवडला नव्हता. काटकीचं पान त्यांच्याखाली दिसेनासं झालं. चाळीस दिवस भरत आले की काटकी सावरीवर चढे, सगळी पानं बाजूला सारून आपलं ताजं करी आणि पोट फाडून घेऊन खाली उतरे. सायाळीची जात काही झाडावर चढायची नव्हे. दोनदा ती अशी चढली. तिसऱ्यांदा धाकटं पिलू तापानं फणफणलं होतं, तिला एक दिवस उशीर झाला. ती पोचली तेव्हा डोंगळे पान ओढत होते. तिच्या डोळ्यांदेखत पान पडलं आणि त्याच्यामागून दाभण्याचा काटा.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. थोरली बुंध्याशी दोरा निवडत होती. काटकीनं झडप घातली, तिला पंजाखाली दाबलं आणि दाभण्याचा काटा तिच्या उरलेल्या डोळ्यावर धरला.

“तुझं वजन किती गं?” तिनं विचारलं. तिचा आवाज रडून रडून बसला होता. “या एका काट्याएवढं तरी आहे का? कशाच्या जिवावर नाचून बघता तुम्ही?”

पंजा दाबला गेला. थोरलीच्या छातीत एक हाड कडकन मोडलं. वजन म्हणजे काय ते त्या म्हाताऱ्या पाखराला जन्मात पहिल्यांदा कळलं.

“सोड,” ती कशीबशी म्हणाली. “समजलं मला.”

काटकीनं तिला सोडलं.

त्या संध्याकाळी प्रत्येक सुगरणीनं पायात पेलवेल तेवढा मोठा खडा धरला. साठ जणी एका ठेक्यात तिसऱ्या गाठीवर आदळल्या. पाचव्या ठेक्याला गाठ बोटभर उघडली. मग थोरली मोडक्या छातीनं ओरडली, “दिसलं! बाई, दिसलं गं!” आणि काठावर काटकी मोठ्यानं रडली.

पण गाठ नव्यानं बांधायची तर जुनी आधी सोडायला हवी. त्यासाठी एक दिवस पूल बंद ठेवावा लागणार होता. सकाळी सुगरणींनी अलीकडच्या तोंडाशी पळसफुलांची माळ आडवी बांधली, म्हणजे कोणी येऊ नये, आणि गाठ सोडली. त्याच दुपारी वारा फिरला आणि पठार पेटलं.

गवे आले, डुकरं आली, वानरं आली. मागे आग होती. पुढे लाल फुलांची माळ होती आणि मधोमध सोडलेल्या वेली लोंबत होत्या. काटकी पिलांना घेऊन तोंडाशीच उभी होती.

“बघा!” हुप्प्या किंचाळला. “आपण जळतोय आणि ह्या पूल सोडतायत!”

थोरली उडत त्यांच्यासमोर आली. “थांबा रे बाबांनो, चार वेढे राहिलेत. चारच!”

हुप्प्यानं तिला हवेतच धरलं. “एक डोळा मीच ठेवला होता,” तो म्हणाला आणि मूठ आवळली. मूठ उघडली तेव्हा पिसं होती आणि रक्त होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. गर्दीनं आरोळी ठोकली. गाठीवरच्या सुगरणींनी सगळं पाहिलं, पण एकीनंही चोच उघडली नाही, कारण चोचीत वेल होती.

काटकीनं पिलांना पोटाखाली घेतलं, गर्दीकडे पाठ केली आणि सगळे काटे उभारले. पहिलं डुक्कर आलं, त्याच्या नाकाडात काटे घुसले आणि डोळा फुटला. ते केकाटत आगीतच शिरलं. एक वेढा पडला. दुसऱ्या डुकरानं तिचा पुढचा पाय चावून मोडला, तिनं अंग फेकलं आणि त्याचा गळा भोसकला. दोन. वानरांनी दगड घातले. कातडीसकट काटे निघाले, मांस उघडं पडलं. तीन. एक थोराड गवा शिंगं खाली घालून आला आणि त्यानं तिला माळेसकट उचलून आपटलं. ती पडली तीही त्याच्या गुडघ्यावर, उरलेले काटे आत रुतवून. गवा बसला आणि सगळ्यांची वाट अडली. तिच्या केसांनी पेट घेतला होता. पिलं तिच्याखाली रडत होती.

“बसली!” सुगरणी एका आवाजात ओरडल्या.

काटकी बाजूला लोळली. गर्दी त्या गव्याला तुडवत पुलावर गेली. सगळे खूर, सगळे पंजे भीतीच्या एकाच ठेक्यात पडले. तिसरी गाठ करकरली. उघडली नाही. सगळे पार झाले. सर्वांत शेवटी काटकी दोन्ही पिलांना पुढे ढकलत, मोडका पाय ओढत, धुरातून पलीकडे आली.

सकाळी तिनं एक पान तोडलं. दात हलत होते तरी नीट अक्षरं कोरली. ‘तिसरी गाठ बसली. थोरलीनं बसवली.’ असं पान त्या झाडावर आजवर कोणी टोचलं नव्हतं. ती सावरीपाशी गेली, तर एकही काटा रिकामा नव्हता. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ताजी हिरवी पानं फडफडत होती आणि प्रत्येकावर एकच मजकूर होता: ‘काल पूल बंद होता.’

काटकीनं स्वतःच्या पाठीवरचा शेवटचा काटा उपटला आणि त्यानं आपलं पान बुंध्याला, अगदी खालीच, टोचलं.

दुपारी डोंगळे वर चढले. त्या पानावर दुखणं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी ते ओढून खाली टाकलं. काटा मात्र खोल गेला होता, तो तसाच राहिला. उन्हं कलायच्या आत हुप्प्या आला, त्यानं त्या नव्या काट्याला आपलं पान टोचलं आणि बोट चोखत निघून गेला. उन्हं कलल्यावर सुगरणी चोचीत वेल धरून आल्या, तेव्हा सगळ्यांत खालचं ते पानच त्यांच्या नजरेला आधी पडलं. त्यावर कोरलं होतं: ‘हा काटा फार टोचतो.’